मुलाचे पाय पाळण्यात दिसतात का?



मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. फुटबॉलमध्ये ही म्हण शब्दशः घेणारी माणसं असतात. त्यांना स्काउट म्हणतात. शाळेत गळ्यात रुमाल बांधणारे स्काउट नव्हेत बरं का! हे स्काउट सामने बघत फिरतात, दहा-बारा वर्षांच्या पोरांचे पाय निरखतात आणि सांगतात, हा पुढे व्यावसायिक खेळाडू होईल, हा होणार नाही. हे भाकीत कितपत खरं ठरतं, हा आजचा आपला विषय.

भोर-वेल्ह्यात बसून हा प्रश्न विचारायला कारण आहे. इथे फुटबॉल थोडा, कबड्डी जास्त. पण प्रश्न तोच. राजगड-तोरण्याच्या कुशीतल्या वाडीतून एखादं मूल निवड चाचणीला जातं, तिथे त्याला जेमतेम काही मिनिटं मिळतात आणि ‘नाही’ ऐकून ते घरी येतं. ते ‘नाही’ त्या घरात कायमचं होऊन बसतं. म्हणून त्या ‘नाही’ची किंमत किती, हे आपल्याला कळायला हवं.

आधी थोडं गणित करू. आकडे मानलेले आहेत, हिशेब खरा आहे. समजा, दोन्ही तालुक्यांतली १००० मुलं मैदानावर उभी केली आणि त्यांतली १० पुढे खरोखर व्यावसायिक खेळाडू होणार आहेत. स्काउटची नजर तयार आहे. त्या १० पैकी ८ तो बरोबर ओळखतो. उरलेल्या ९९० मुलांच्या बाबतीतही तो शंभरात फक्त दहा वेळा चुकतो. आता त्याने निवडलेली मुलं किती? ८ खरी आणि ९९ चुकीची, एकूण १०७. म्हणजे इतका चांगला पारखी असूनही निवडलेल्या शंभरातली सात-आठच मुलं शेवटपर्यंत पोचतात. यात स्काउटचा दोष नाही. जी गोष्ट मुळातच दुर्मीळ आहे, तिचं भाकीत असंच हुकतं.

आता प्रत्यक्षात काय दिसतं? आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अनेक खेळांतल्या आधीच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. सतरा-अठरा वर्षांखालच्या गटात आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के खेळाडू मोठेपणी त्या पातळीवर पोचले नव्हते. उलट बाजूने पाहा. मोठेपणी त्या पातळीवर खेळणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के खेळाडू त्या लहान वयात तिथे नव्हतेच. म्हणजे लहानपणचे हिरे आणि मोठेपणचे हिरे ही बहुतांशी वेगवेगळी माणसं आहेत.

असं का होतं? पहिलं कारण म्हणजे वाढ. सातवीच्या एकाच वर्गात एक मुलगा लवकर वयात आलेला असतो, दुसऱ्याला अजून दोन वर्षं लागायची असतात. पहिला उंच, दणकट, वेगवान. चाचणीत तोच डोळ्यात भरतो. स्काउटला वाटतं आपण गुण पाहिला. प्रत्यक्षात त्याने पाहिलेली असते वाढ. सोळा-सतराव्या वर्षी दुसरा त्याला गाठतो, पण तोवर तो मैदान सोडून गेलेला असतो.

दुसरं कारण जन्मतारखेचं. वयोगटाची रेघ १ जानेवारीला असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. अंतर जवळजवळ वर्षाचं. बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार मोठी गोष्ट. म्हणूनच अनेक देशांतल्या फुटबॉल अकादम्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त सापडतात.

आणि आपल्याकडची गंमत तर तुम्हाला ठाऊकच आहे. गावात किती जणांचा वाढदिवस १ जूनला असतो! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, तीच जन्मतारीख झाली. आता जन्मनोंदी पुष्कळ सुधारल्या आहेत, पण जिथे कागदावरचं वय आणि हाडाचं वय वेगळं, तिथे स्काउटने कितीही मनापासून तुलना केली तरी तराजूच वाकडा. या कारणासाठीच फिफा सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी करते.

तिसरं कारण आपल्या अगदी जवळचं. स्काउटला दिसतात फक्त समोर आलेली मुलं. भोर-वेल्ह्यात सपाट जागा म्हटली की भाताची खाचरं. पावसाळ्यात त्यांत पाणी, पीक निघाल्यावर तिथेच खेळ. डोंगराकडच्या वाडीतून तालुक्याच्या गावी यायचं, तिथून बालेवाडी गाठायची, म्हणजे एसटीच्या वेळा, भाडं आणि सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज. जे मूल आलंच नाही, त्याच्याबद्दल स्काउट चुकलासुद्धा नाही. त्याने त्याला पाहिलंच नाही.

मग पारख अगदीच निरुपयोगी का? नाही. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान वयात आला, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्येही. इथे पारख बरोबर ठरली. पण त्याच संघातला जीक्सन सिंग पाहा. सुरुवातीला निवडलेल्या मुलांमध्ये तो नव्हता, संघात आला तो उशिरा. कोलंबियाविरुद्ध ९ ऑक्टोबर २०१७ ला भारताचा फिफा विश्वचषकातला पहिला गोल त्यानेच केला. दार पुन्हा उघडलं म्हणून तो आत आला.

फुटबॉलबाहेरचं, पण आपल्या मातीतलं उदाहरण अविनाश साबळेचं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉसकंट्रीत धावू लागला. स्टीपलचेस त्याहून पुढची गोष्ट. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पाळण्यातले पाय पाहून हे कोण सांगणार होतं? त्याला विशीत दुसरी संधी देणारी जागा सैन्य होती.

तेव्हा आमचं म्हणणं असं. बाराव्या वर्षी एकदाच करायचं भाकीत कच्चंच राहणार. नजर आणखी तयार करून त्यात फार फरक पडणार नाही. पद्धत मात्र बदलता येते. पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की ठरावीक नियमाने बांधलेला अंदाज अनुभवी माणसाच्या अंदाजाइतका किंवा त्याहून सरस निघतो. म्हणून तीन जणांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळे गुण द्यावेत, मग बेरीज करावी. मूल एकदा न पाहता दर सहा महिन्यांनी पाहावं. शाळेने उंची-वजन लिहून ठेवावं, म्हणजे कोण आत्ता वाढतोय आणि कोण वाढायचा आहे ते कळेल. निदान सोळाव्या वर्षापर्यंत कुणाला कायमचं ‘नाही’ म्हणू नये. आणि मुलाला चाचणीपर्यंत आणण्याऐवजी कधीतरी चाचणीच वाडीपर्यंत न्यावी.

पालकांसाठी दोन गोष्टी. मूल निवडलं गेलं तर पेढे जरूर वाटा, पण शाळा सोडू देऊ नका. मघाचं गणित आठवा, १०७ मधले ८. आणि निवडलं गेलं नाही, तर त्याला एवढंच सांगा की त्या दिवशी, त्या वयात, त्या उंचीला कुणीतरी ‘आज नाही’ म्हटलं आहे. संध्याकाळी खाचरात खेळायला जाऊ द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.