परिसंवादातील शेवटची रांग

गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी आंतरराष्ट्रीय राजकारणावर परिसंवाद भरतो, तेव्हा बीजभाषण, निबंधवाचन, प्रमाणपत्रे हा क्रम ठरलेला असतो. प्रश्नोत्तरांची वेळ सत्कारातच सरते. (या पापात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे.)

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच महिन्यात भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. कापडगिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा, हा हेतू. परंतु वर्धा नदीकाठचा कापूस नेमका याच सुमारास वेचणीला येतो! दिवाळीच्या सुटीत जो विद्यार्थी वेचणीला जातो, त्याला वॉशिंग्टन आणि दिल्ली यांचे नाते व्यापाऱ्याच्या काट्यापाशी उमगते. परिसंवादात मात्र त्याने शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या.

२०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाले, नागपूरचे हेलपाटे वाचले. आता एखाद्या सत्रात बीजभाषण आटोपते घ्यावे आणि बियाणे, वेचणीची मजुरी व हाती आलेला भाव यांचा हिशेब त्या मुलाला फळ्यावर मांडू द्यावा. पाहुण्यांनी मग त्यावर बोलावे.