अनुक्रमांक 1914

साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिली. रजिस्टरातला अनुक्रमांक 1914. (हा आकडा सालाचा नाही, 1900 साली अजून विसावे शतकही नीट सुरू झाले नव्हते.) ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. त्या क्रमांकासमोर मुलाची सही आहे आणि ते रजिस्टर शाळेने आजवर सांभाळले आहे. 2017 पासून महाराष्ट्र सरकार 7 नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करते. साऱ्या राज्याच्या शाळांतला एक दिवस साताऱ्याच्या एका नोंदीवर उभा आहे!

मला यात सगळ्यांत विलक्षण वाटते ते वेगळेच. त्या दिवशी नोंद करणाऱ्या कारकुनाला समोरचा मुलगा पुढे कोण होणार, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. 1913 ला जेवढी शाई लागली तेवढीच 1914 ला. मुलगा मोठा झाला म्हणून नोंद जपली गेली असे नाही. सगळ्याच नोंदी जपायच्या असा दंडक होता, म्हणून हीही वाचली. कोण मोठा होणार हे आधी कळत नाही, तेव्हा सगळेच ठेवायचे. रजिस्टरे सांभाळण्यामागचे तत्त्व हेच.

जनरल रजिस्टरचे एखादे जुने पान कधी निवांत वाचून पाहा. आडवे लांब पान, डावीकडे अनुक्रमांक, मग नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, आणि अगदी उजवीकडे, शाळा सोडल्याचे कारण. या शेवटच्या रकान्यात कारकून दोन-तीन शब्दांच्या पुढे जात नाही. ‘गैरहजर’, ‘नाव कमी केले’, ‘परगावी’. वर्तणूक मात्र बहुतेकांची ‘चांगली’ असते. ओळीमागून ओळ वाचत गेलो की गावात कधी दुष्काळ होता, कधी साथ आली, मुली कितव्या इयत्तेनंतर दिसेनाशा होतात, हे त्या उजव्या रकान्यातून डोकावू लागते. लिहिणाऱ्याने ते सांगायचे म्हणून लिहिलेले नसते, म्हणून त्यावर जास्त विश्वास बसतो.

अशा नोंदींना अजून केवढा जीव आहे, हे 2023 मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठ्यांच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही कपाटांतून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. जात पडताळणीच्या कामात तर हे रोजचेच आहे. अनुसूचित जातींसाठी 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 1967 च्या आधीचा पुरावा लागतो आणि पुष्कळ घरांत तो आजोबांच्या शाळेच्या दाखल्याखेरीज दुसरा नसतो. आजोबांनी चौथीत शाळा सोडली असेल, तरी नातवाचे इंजिनिअरिंग त्या चौथीच्या नोंदीवर अवलंबून असू शकते.

शाळेतून महाविद्यालयात आलो की गुंता वाढतो. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने 1947 साली सुरू केले. तेव्हा या भागाचे विद्यापीठ मुंबईचे होते. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ आले. 18 नोव्हेंबर 1962 रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सातारा-सांगली त्याच्याकडे गेले. 2021 मध्ये शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. एकाच कॉलेजात वेगवेगळ्या काळी शिकलेल्या चौघांच्या कागदपत्रांवर चार वेगवेगळी विद्यापीठे असू शकतात! निकालाची लेजरे, पदवीधरांच्या याद्या, गॅझेटे मुंबई, पुणे, कोल्हापूर, सातारा अशी विखुरलेली. त्यांना जोडणारा धागा एकच, कॉलेजच्या कार्यालयातली प्रवेशाची नोंदवही.

त्यात नकाशाही हलला. 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले. 1955 च्या नोंदीत तासगावच्या मुलापुढे जिल्हा ‘दक्षिण सातारा’ असाच असणार. संगणकात ‘सांगली’ टाकून शोधणाऱ्याला तो मुलगा सापडायचा नाही. जुने नाव जसेच्या तसे ठेवून शेजारी आजचे नाव जोडायचे, मूळ खोडायचे नाही, हा जाणत्या सूचीकाराचा नियम आहे.

सर्वांत मोठी गळती मात्र मुलींच्या नावांची होते. माहेरच्या नावाने शिकलेली मुलगी लग्नानंतर नाव, मधले नाव, आडनाव, गाव सगळे बदलून बसते. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला तिला बोलवायचे तर पत्र कोणत्या नावाने धाडणार? आता नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांशी असलेल्या नात्याचीही दखल घेतली जाते, म्हणून याद्या करण्याला जोर आला आहे. या याद्यांत दोन्ही नावांसाठी रकाना ठेवला नाही, तर निम्मा वर्ग हजेरीपटावरून गेल्यातच जमा.

रजिस्टर सांगते की मुलगा आला आणि गेला. अठराव्या वर्षी त्याच्या डोक्यात काय चालले होते, हे सांगते कॉलेजचे नियतकालिक. वार्षिक अंक हाती घ्या: प्राचार्यांचे मनोगत, विद्यार्थी-संपादकाचे संपादकीय, मराठी, हिंदी, इंग्रजी विभाग, कविता (पावसावर आणि आईवर हमखास), प्रवासवर्णन, मग मागे वाङ्मय मंडळ, एनएसएस, जिमखाना यांचे अहवाल आणि गुळगुळीत कागदावर छापलेले ओळीने फोटो. या अहवालांचे मोल एका उदाहरणाने कळेल. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर साताऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि तिथून मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले. शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे ते कर्णधार होते. या कर्णधाराचा माग काढायचा तर त्या वर्षांचे जिमखाना अहवाल उघडावे लागतील. 1919 साली सुरू झालेल्या याच विलिंग्डनमध्ये पु. ल. देशपांडे शिकले, रं. श्री. मुगळी यांनी कन्नड शिकवले आणि वि. कृ. गोकाक प्राचार्य होते. सांगलीतल्या एका कॉलेजात दोन भाषांच्या साहित्याचे येणे-जाणे होते. त्या पिढीचे विद्यार्थी काय वाचत आणि काय लिहीत होते, हे शोधणाऱ्याला मराठी आणि कन्नड दोन्ही यावे लागेल.

आणि हीच नियतकालिके सर्वांत कच्च्या दोरीवर आहेत. रजिस्टरे कायमच्या जतनाच्या वर्गात येतात. सरकारी अभिलेखांच्या अ, ब, क, ड या वर्गवारीत ‘अ’ म्हणजे कायम. वार्षिक अंकाला असा वर्ग नाही. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, पण ‘फक्त खासगी वितरणासाठी’ छापलेले कॉलेजचे अंक सहसा तिथवर जात नाहीत. शाळांच्या ‘हस्तलिखिता’ची आणि कॉलेजच्या भित्तिपत्रकाची तर एकच प्रत असते. एका मुलाने सुंदर अक्षरात उतरवलेला, दुसऱ्याने चित्रे काढलेला अंक, जगात एकुलता एक.

कागदाचा स्वभावही आपण समजून घेऊ. पेशवाईतली मोडी पत्रे आजही ठसठशीत दिसतात, कारण चिंध्यांपासून हाताने केलेला कागद चिवट असतो आणि काजळीची शाई उडत नाही, कागदाला खातही नाही. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातले लिग्निन उजेडात पिवळे पडते, आणि कागद बनवताना घातलेल्या तुरटीमुळे तयार होणारे आम्ल धागे तोडत राहते. हिराकस घातलेली शाई तर स्वतःच आम्लधर्मी. म्हणून 1780 चे पत्र हातात घेता येते आणि 1965 चा वार्षिक अंक दुमडताच कोपरा तुटतो. त्यात पावसाळ्यात पिना गंजतात, कसर लागते, वाळवी पुठ्ठ्यातून शिरते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे हा सर्वांत वाईट उपाय: तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. जाणकार पातळ जपानी कागद आणि पिठाची खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते.

सांगलीला पुराचे भय आहे ते वेगळे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी 45 फूट आहे. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके त्या पाण्यात गेली. भिजलेल्या अंकात सर्वांत आधी काय जाते? फोटोंची पाने. आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो. तो ओला होऊन सुकला की पाने एकमेकांना चिकटून वीट होते. कविता वाचतात, चेहरे जातात. 1966 मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर ग्रंथालयात शिरला तेव्हापासून जग यावर बरेच शिकले आहे: दमट हवेत साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून सुकवायला वेळ नसेल तर ओली पुस्तके गोठवून ठेवायची आणि मग सवडीने, निर्वात यंत्रात सुकवायची. तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहे जागोजागी आहेत. ती गोठवणारी नसली तरी थंडीने बुरशीचा वेग नक्की मंदावतो. पूर येण्याआधीच एखाद्या शीतगृहाशी तसे बोलून ठेवायला काय हरकत आहे?

स्कॅनिंग करायलाच हवे, पण स्कॅन केले म्हणजे काम संपले असे मानू नये. शिशाचे झिजलेले खिळे जुळवून छापलेल्या मजकुरात संगणक ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ वाचतो. माणसाने तपासल्याशिवाय शोध लागत नाही. हार्ड डिस्कही बंद पडतात. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावात, असा संकेत आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे सातारा शहर कृष्णेच्या पुरापासून उंचावर आहे. सांगलीच्या कॉलेजांनी एक प्रत साताऱ्यात ठेवावी, इतके हे सोपे आहे.

सगळेच मात्र जाहीर करायचे नसते. रजिस्टरात जात, जन्मतारीख, पत्ता असतो. हयात माणसाची ही माहिती त्याला विचारल्याशिवाय बाहेर येता कामा नये. छापून वाटलेल्या नियतकालिकाचे तसे नाही, ते खुशाल सर्वांना वाचू द्यावे. शिवाजी विद्यापीठ महाविद्यालयीन नियतकालिकांची स्पर्धा घेते, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतले अंक एका ठिकाणी येतात. स्पर्धेला आलेल्या प्रत्येक अंकाची एक प्रत नोंद करून कायमची ठेवली, तर वीस वर्षांत या भागाच्या तरुण मनाचा असा संग्रह उभा राहील की ज्याला तोड नाही.

तोवर काम घराघरांतले आहे. सातारा, सांगली, कऱ्हाड, मिरज, इस्लामपूर, कुठेही शिकला असाल, तर माळ्यावरचा जुना वार्षिक अंक रद्दीत घालू नका. वर्गाच्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, डावीकडून उजवीकडे, मुलींची दोन्ही नावे. आणि तो अंक आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालांकडे नेऊन द्या. नोंद करून घेतल्याशिवाय परत येऊ नका.