🌱 व्हॅम वाढवताय? माती तापवा, व्हॅम नको!

व्हॅम म्हणजे मायकोरायझा. त्याचे बीजाणू जिवंत असतात. ते उकळले की मरतात आणि पाकिटाचे पैसे वाया जातात.

प्रयोगशाळेत बीजाणू फक्त वरून निर्जंतुक करतात: क्लोरामाइन-टी आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या द्रावणात थोडा वेळ, मग निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं. वेळ जास्त झाला तर उगवण घटते. हे घरी करू नका.

✅ आपण माती निर्जंतुक करायची. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकने ४ ते ६ आठवडे झाका, कडा मातीने दाबा.
✅ माती थंड झाल्यावरच व्हॅम टाका आणि मका पेरा. जिवंत मुळांशिवाय ते वाढत नाही.
❌ कार्बेन्डाझिमची आळवणी नको.

पाकीट सावलीत, थंड जागी ठेवा.