फळीवर फळी

अमेरिकेत घराच्या बाहेरच्या भिंती मढवायला निघालेला माणूस आधी सावली पाहतो. आडव्या फळ्या एकीवर एक चढवत नेल्या की प्रत्येक फळीच्या खालच्या कडेशी सावलीची रेघ उमटते, आणि नमुन्याची निवड बहुतेक वेळा त्या रेघेवरच होते. क्लॅपबोर्ड या साध्या, एका कडेला पातळ फळीची रेघ बारीक. डच लॅपच्या फळीला वरच्या बाजूस आत कोरलेली पन्हळ असते, म्हणून तिची रेघ ठसठशीत. व्हर्जिनियातल्या जुन्या घरांवरच्या बीडेड फळीला खालच्या कडेशी गोलसर कणी असते. न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबापुढेही हेच नमुने ठेवले जातात. पण फळी कशाची आहे हे बाजूला ठेवून नुसत्या आकारांची केलेली तुलना अपुरी आहे. तोच आकार एका मालात शहाणपणाचा ठरतो, दुसऱ्यात नुसता देखावा.

लाकडापासून सुरुवात करू. न्यू इंग्लंडमधली उत्तम क्लॅपबोर्ड ओंडक्याच्या सालीकडून गाभ्याकडे, त्रिज्येच्या दिशेने कापतात. त्यामुळे फळी आपसूकच एका कडेला जाड, दुसरीला पातळ होते, आणि तिचे तंतू असे उभे येतात की ओलीने ती कमी फुगते, कमी वाकते, रंगही जास्त काळ धरते. बसवताना वरची फळी खालचीवर साधारण इंचभर चढवायची आणि खिळा खालच्या फळीच्या वरच्या कडेला चुकवून, तिच्या किंचित वर मारायचा. एक खिळा दोन फळ्यांतून गेला तर दोघी जखडल्या जातात. मग पावसाळी हवेत फुगलेली फळी सुकताना आकसू पाहते आणि जागा न मिळाल्याने चिरते. शिवाय तिरक्या बसलेल्या फळीमागे पाचरीच्या आकाराची पोकळी राहते आणि मागे शिरलेली ओल सुकायला थोडा वाव मिळतो. लाकडी डच लॅप किंवा कडेला खाच पाडून एकमेकींत बसवायच्या शिपलॅपची पाठ सपाट असते, ती भिंतीला टेकते आणि हा वाव जातो. म्हणून खऱ्या लाकडात, विशेषतः पावसाच्या प्रदेशात, मी साध्या क्लॅपबोर्डच्याच बाजूने आहे.

व्हिनाइल या प्लास्टिकमध्ये मात्र निकाल उलटतो. तो पातळ पत्रा असल्याने सपाट, रुंद पट्टी उन्हात लाटा मारते. डच लॅपची घडी त्याच पत्र्याला ताठपणा देते. लाकडात जी पन्हळ मुख्यतः शोभेची होती ती इथे कामाची ठरते. 12 फुटांची पट्टी थंडी-उन्हाळ्यात अर्धा इंच किंवा त्याहूनही जास्त लांब-आखूड होते, म्हणून खिळा लांबट खाचेच्या मधोमध, डोकं जरा सैल ठेवून मारतात. घट्ट ठोकला की कोणताही नमुना फुगून येतो.

यावर आक्षेप असा, की हल्ली फळीमागे पाणी अडवणारा कागद असतोच, मग आकाराचा एवढा विचार कशाला? पण तो कागद बचावाची दुसरी फळी आहे, पहिली नव्हे. खिडकीच्या कडेला तो नीट दुमडला नसेल तर पाणी लाकडी सांगाड्यात जातं आणि वर्षानुवर्षं दिसत नाही. व्हिनाइलच्या पट्टीला खाली बारीक छिद्रं ठेवतात ती पाणी आत शिरणार हे गृहीत धरूनच. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो वजनदार आहे: लाकूड दर काही वर्षांनी रंगवावं लागतं, व्हिनाइल नाही. ज्याला ते जमणार नाही त्याने व्हिनाइल जरूर घ्यावं. फक्त जुन्या कुजक्या फळ्यांवर ते चढवू नये. आतली कूज थांबत नाही, झाकली जाते. ऐतिहासिक इमारतींवरच्या अशा आवरणाबद्दल अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने वेगळी पुस्तिकाच काढून सावध केलं आहे.

उरलं फायबर सिमेंट. सव्वाआठ इंची फळी सव्वा इंच झाकून सात इंच उघडी ठेवतात आणि झाकलेल्या भागात खिळा लपवतात. ती कुजत नाही, लाकडाइतकी हलतही नाही, पण कापलेली टोकं रंगाने बंद करावी लागतात. या फळीवर लाकडाच्या रेषा उठवलेला नमुना खूप खपतो. मला तो पटत नाही. रंधा मारून रंगवलेल्या चांगल्या क्लॅपबोर्डवर अशा ठळक रेषा नसतात, त्यामुळे नक्कल करायचीच असेल तर गुळगुळीत फळीच मूळच्या जास्त जवळ जाते.