जुनी जीप घेतली, आता आधी काय दुरुस्त करायचं?

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे आपटाळे, घाटघर, डिंभे, आहुपे या बाजूला, जीप ही चैनीची वस्तू नाही. पावसाळ्यात रस्ता धुऊन जातो, चिखल होतो, ओढे भरतात, आणि अशा वेळी उंच, दणकट गाडीच कामाला येते. नवी घेणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून आपल्यातली बरीच कुटुंबं सेकंड हँड बोलेरो, जुनी थार, जिप्सी किंवा कमांडर घेतात. कुणाला नारायणगावच्या बाजारात टोमॅटो न्यायचे असतात, कुणाला दादीला घेऊन मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचं असतं, कुणाला लग्नासाठी माळशेज उतरून कल्याण-भिवंडी गाठायचं असतं.

गाडी घेण्यात बहुतेक शिल्लक संपलेली असते. उरलेले थोडे पैसे कशावर खर्च करायचे, हा खरा प्रश्न आहे. आणि नेमकं इथेच गणित चुकतं. पहिल्याच आठवड्यात सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, जादा लाईट, पुढचा जाडजूड लोखंडी गार्ड येतो. ब्रेकचं काम मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून मागे पडतं.

वहीत चार रकाने

शाळेत पेपर सोडवताना आम्ही मुलांना सांगतो, आधी सगळे प्रश्न वाचा, मग ठरवा. गाडीचंही तसंच करावं. मेस्त्रीला बरोबर घेऊन एकदा सगळी गाडी तपासा आणि सापडलेला प्रत्येक दोष चारपैकी एका रकान्यात लिहा.

१) हा दोष राहिला तर जीव जाऊ शकतो.
२) हा राहिला तर दुसरा मोठा, महागडा भाग मोडेल.
३) हा राहिला तर गाडी वाटेत बंद पडेल.
४) हा राहिला तर फक्त दिसायला वाईट किंवा थोडी गैरसोय.

पैसे याच क्रमाने खर्च करायचे. पहिला रकाना पूर्ण रिकामा झाल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही. बाकी सगळा लेख म्हणजे कोणता दोष कुठल्या रकान्यात जातो, एवढंच.

त्याआधी कागद

आपले दोन्ही तालुके एमएच-१४ मध्ये, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे येतात. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथली एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं असतं, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. जुनी चलनं बाकी आहेत का, तेही बघून घ्या.

विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्यावा. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं आणि पॉलिसी जुन्याच नावावर असली, तर भरपाईला अडचण येते.

पहिला रकाना: थांबणं आणि वळणं

माळशेज उतरताना किंवा भीमाशंकरहून डिंभ्याकडे येताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक तापतात. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. जुनं, पाणी शोषलेलं ऑईल तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. म्हणून गाडी घेतल्यावर ब्रेक ऑईल विचार न करता बदलून टाका. लायनर, पॅड, ड्रम, होस पाइप उघडून बघा. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेलेला असू शकतो किंवा कुठेतरी गळती आहे. मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का, हेही बघा. आणि ब्रेक कितीही चांगले असले तरी घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा.

स्टेअरिंगसाठी पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ असेल तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड. एका ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर नुसतं बॅलन्सिंग करून गप्प बसू नका.

टायरवर नक्षी जाड दिसते म्हणून फसू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुना, तडे गेलेला टायर कमी घासलेला असला तरी बदलावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर कायद्यानेही बाद.

वायरिंगही याच रकान्यात. आधीच्या मालकाने जादा लाईट, हॉर्न लावताना वायर कापून नुसती टेप गुंडाळली असेल, फ्यूजच नसेल, तर आग लागू शकते. सीट बेल्टही इथेच. पोरं मागे बसणार असतील तर दुसरा विचार नकोच.

शेवटची गोष्ट चासी. गाडीखाली झोपून, पाटे जिथे चासीला धरलेले असतात तिथे हातोडीने हलकं ठोकून बघा. खणखणीत आवाज यायला हवा. खालून नवा काळा रंग मारलेला दिसला तर जास्त बारकाईने बघा. गंज झाकायलाही तो मारतात. मुंबई आणि कोकणात वापरलेल्या गाडीला खाऱ्या हवेमुळे गंज लवकर धरतो. सडलेल्या चासीवर पैसे घालण्यात बरकत नाही.

दुसरा रकाना: स्वस्त काम, महाग नुकसान

गाडीचा इतिहास माहीत नसेल तर सगळी ऑईल आणि फिल्टर बदलणं हा सगळ्यात फायद्याचा खर्च. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, गिअर ऑईल, डिफरन्शियल ऑईल, आणि फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केसचंही. निघालेलं ऑईल फेकण्याआधी बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चमकणारे कण भरपूर असतील तर आत काहीतरी घासतंय.

रेडिएटर, होस पाइप, वॉटर पंप, पंख्याचा बेल्ट या वस्तू इंजिनच्या मानाने स्वस्त आहेत. पण घाट चढताना पाणी संपून इंजिन तापलं की हेड गॅस्केट जातं, कधी हेडच वाकतं. जिप्सीसारख्या ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, तिथे तो कधी बदलला याची पावती नसेल तर बदलूनच घ्या.

ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असला तर ऑईल सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ब्रीदर साफ करायला जवळजवळ काही लागत नाही, पण बेअरिंग आणि क्राऊन गेले की मोठा खर्च.

जुन्या थार, जिप्सीसारख्या गाड्यांचं फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये. पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत आणि ताण गिअरवर येतो. त्याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे हवेत.

तिसरा आणि चौथा

बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, क्लच, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, दबलेले पाटे, स्टेपनी आणि जॅक हे तिसऱ्या रकान्यातले. रात्री पेशंट घेऊन निघायचं असेल तर यातली बॅटरी दुसऱ्याच्या बरोबरीला आणा. प्रॉपेलर शाफ्ट खडखडत असेल तर तो थेट पहिल्या रकान्यात. चालत्या गाडीखाली तो सुटला तर अपघात ठरलेला.

डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, म्युझिक हे सगळं चौथ्यात. पुढचा लोखंडी गार्ड तर कुठल्याच रकान्यात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. धडक बसल्यावर तो रस्त्यावरच्या माणसाला जास्त मारतो.

मेस्त्रीबरोबर व्यवहार

कामाची यादी लिहून द्या, बदललेला जुना पार्ट मागून घ्या, बिल ठेवा. ब्रेक आणि स्टेअरिंगचे पार्ट ओरिजिनलच घ्या, तिथे घासाघीस नको. सगळी कामं एकदम करू नका. दोन-तीन कामं झाली की शंभरेक किलोमीटर जवळपास चालवा, म्हणजे काय सुधारलं आणि काय राहिलं ते कळतं. तोवर घाट नको, ओव्हरलोड नको.

आणि उद्या हीच गाडी विकायची वेळ आली तर ही वही खरेदीदाराच्या हातात द्या. ऐब सांगून माल विकणं हे आपल्याकडे दीनाचाच भाग मानलं जातं. ज्या घरात ती गाडी जाईल, त्या घरातही पोरं मागच्या सीटवरच बसणार आहेत.