सैंधवाचे उगमस्थान : खेवड्याची खाण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सर्व लवणांमध्ये सैंधव पथ्यतम सांगितले आहे. निरूहबस्ती, हिंग्वाष्टक चूर्ण, लवणभास्कर चूर्ण यांची सिद्धी त्यावाचून होत नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात नवरात्राच्या उपवासालाही अनेक घरी शेंदेलोणच वापरतात. असे हे नित्योपयोगी द्रव्य येते कोठून, हे वैद्य व औषधी निर्माते या दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

सैंधव म्हणजे सिंधुदेशी उत्पन्न झालेले. त्याची सर्वांत प्रसिद्ध खाण पाकिस्तानातील पंजाब प्रांतात, झेलम जिल्ह्यात खेवडा येथे आहे. शिकंदराच्या सैन्यातील घोडे तेथील दगड चाटू लागल्याने मिठाचा शोध लागला, अशी आख्यायिका आहे. 1872 मध्ये डॉ. वॉर्थ या अभियंत्याने जमिनीच्या पातळीवरून मुख्य बोगदा आखला. पर्यटक छोट्या विद्युत रेल्वेने आत जातात. आतील हवा बारमाही थंड, सुमारे 18 अंश सेल्सिअस असते. निम्मे मीठ काढून उरलेले निम्मे स्तंभरूपाने छताच्या आधारासाठी राखत असल्यामुळे प्रशस्त दालने निर्माण झाली आहेत. मिठाच्या विटांनी बांधलेली लहानशी मशीद हे तेथील मुख्य आकर्षण होय. दम्याच्या रुग्णांसाठी 2007 मध्ये तेथे एक कक्षही उघडण्यात आला.

हे थर 50 कोटी वर्षांहून प्राचीन समुद्र आटून बनले आहेत. एकाच खाणीत पांढरे, गुलाबी व तांबूस असे तिन्ही प्रकारचे खडे आढळतात. लाली मुख्यतः लोहाच्या अंशामुळे येते. म्हणून केवळ गुलाबी रंगावरून सैंधवाची परीक्षा करणे योग्य नव्हे.

ही परीक्षा आता विशेष महत्त्वाची ठरली आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानी मालावर भारताने 200 टक्के आयातशुल्क लावले आणि 2 मे 2025 रोजी तिसऱ्या देशामार्गे होणाऱ्या आयातीसह सर्व आयातीस बंदी घातली. भारतात हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात द्रंग व गुमा येथे खनिज मीठ आढळते. परंतु त्यात मातीचा अंश अधिक असतो. अशा स्थितीत केवळ वेष्टनावरील नावावर विसंबणे धोक्याचे आहे.

औषधनिर्मितीसाठी तयार चूर्ण न घेता अखंड खडे घ्यावेत व स्वतः कुटावेत. अस्सल खडा फोडला असता काटकोनात मिळणारे सपाट पृष्ठभाग दिसतात. पाण्यात विरघळविल्यावर तळाशी गाळ अत्यल्प राहावा व पाण्यास कृत्रिम रंग उतरू नये. संशय आल्यास प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी.

शेवटी एक सावधगिरी. सैंधव श्रेष्ठ असले तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ते यथेच्छ घेण्यास सांगू नये. त्यात आयोडीन नगण्य असल्याने, विशेषतः गर्भिणीच्या आहारातून आयोडीनयुक्त मीठ सर्वस्वी वगळू नये.