समजून घ्या : तरुण संशोधकावर लोकवर्गणीतून माहितीपट, आधी टीझर की पेटंट?

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्यावरील ‘सीड मदर’ हा जेमतेम तीन मिनिटांचा माहितीपट. २०१९ मध्ये कान येथे नेस्प्रेसो टॅलेंट्स स्पर्धेत त्याने तिसरे पारितोषिक पटकावले. अहिल्यानगरच्या एखाद्या गावात नवे यंत्र बनवणाऱ्या तरुणावरही असा माहितीपट निघू शकतो. पण पैसा कुठून आणायचा?

लोकवर्गणीतून चित्रपट होतो?
हो. ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाख उभे राहिले. आता हेच काम ऑनलाइन क्राउडफंडिंगने होते.

देणाऱ्याला काय मिळते?
बहुतेकदा श्रेयनामावलीत नाव किंवा चित्रपट आधी पाहण्याची संधी. लक्ष्य गाठले नाही तर पैसे परत मिळणार का, हे आधीच वाचा.

संशोधकाला धोका काय?
वर्गणीसाठी टीझर लागतो. त्यात यंत्राची रचना उघड झाली आणि पेटंटचा अर्जच केलेला नसेल, तर नावीन्य संपल्याच्या कारणावरून पेटंट नाकारले जाऊ शकते.

उपाय?
आधी तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करा. पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. कॅमेरा त्यानंतरच सुरू करा. संशोधक अल्पवयीन असल्यास पालकांची लेखी संमती घ्या.